अर्धे वर्तुळ काळे का दिसते?

प्रश्न : वडिलांचा निकॉन एफएम२ मी वापरतो. ५० मिमी, एफ/१.८ लेन्सवर सगळे स्वच्छ दिसते. झूम लावली की व्ह्यूफाइंडरच्या मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळवंडतो. स्क्रीन खराब झाली का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, निश्चिंत राहा. त्या वर्तुळात दोन तिरके लोलक असतात. त्यांना लेन्सच्या कडेकडून येणारा प्रकाश लागतो. तुमच्या झूमचे सर्वांत मोठे छिद्र एफ/५.६ च्या आसपास असेल, तर तो प्रकाश पोचतच नाही आणि एक लोलक काळा पडतो. फोटोवर याचा काहीही परिणाम होत नाही.

डोळा किंचित सरकवून पाहा, किंवा वर्तुळाबाहेरच्या दुधी भागावर फोकस करा. सवयीने ते छान जमते. झूमच जास्त वापरत असाल, तर लोलक नसलेली बी२ किंवा चौकटीच्या रेषांची ई२ स्क्रीन घ्या. मी ई२ सुचवेन, क्षितिज सरळ राहते. स्क्रीन लेन्सच्या तोंडातूनच बदलता येते, पण ती प्लास्टिकची आहे. बोट, कापड, स्पिरिट काहीही लावू नका. धूळ फक्त ब्लोअरने उडवा. आरशालाही हात नको.

आणि १९७७ पूर्वीची, एआय (छिद्राची माहिती कॅमेऱ्याला देणारी जोडणी) नसलेली लेन्स मिळाली, तर या कॅमेऱ्यावर जोर लावून बसवू नका.