*वाऱ्याने पडलेल्या फांद्या आणि चिपर मशीन: पैसे मोजण्याआधी फांदी मोजा*



वळवाच्या वाऱ्याने बऱ्याच जणांच्या वाडीत फांद्या पडल्यात. आंबा, काजू, फणस, माडाच्या झावळ्या, सगळं अंगणापासून गडग्यापर्यंत पसरलंय. चार दिवसांत सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला, "फांद्या बारीक करायचं मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ?" म्हणून आजचा सल्ला त्यावरच. मेसेज मोठा आहे, पण सावकाश वाचा. घाईत मशीन घेतलं की काय होतं ते मी स्वतः पाहिलंय.

*आधी माझी चूक सांगते*

मागच्या वर्षी आपल्याच एका सभासद काकांनी मला हाच प्रश्न विचारला होता. मी माहितीपत्रक बघितलं. त्यावर "40 मिमी फांदी" लिहिलेलं होतं. मोटर 3 एचपी, सिंगल फेज. मी म्हटलं, घ्या. तिसऱ्या दिवशी मोटर जळली. काकांची वाडी घरापासून दोनशे फूट लांब, तिथवर नेलेली वायर बारीक, आणि फांद्या वर्षभर वाळलेल्या काजूच्या. यातलं मी काहीच विचारलं नव्हतं. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून घेतलं हो." ते वाक्य अजून टोचतं. म्हणून आता मशीनचं नाव सांगण्याआधी मी चार गोष्टी विचारते. त्या चार गोष्टी तुम्हीही स्वतःला विचारा.

*पण सगळ्यात आधी: पंचनामा आणि तारा*

1) नुकसान मोठं असेल, झाडं उन्मळली असतील, तर साफसफाईची घाई नको. आधी फोटो काढा, झाडं मोजा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड, दापोली, मंडणगड भागात एकेका वाडीत किती झाडं पडली ते आठवा. अशा वेळी पंचनाम्याआधी वाडी साफ झाली तर दाखवायला काही उरत नाही.

2) फांदी विजेच्या तारेवर असेल किंवा तार फांदीखाली असेल तर हात लावू नका. ओली फांदी वीज वाहून नेते. महावितरणला कळवा आणि पुरवठा बंद केल्याची खात्री झाल्यावरच पुढे जा.

*प्रश्न पहिला: फांदी किती जाड?*

अंदाज करू नका, सुतळी घ्या. फांदीभोवती एक वेढा द्या, तो फुटपट्टीवर मोजा आणि 3 ने भागा. साधारण जाडी मिळते.

• घेर 3 इंच = जाडी 1 इंच
• घेर 6 इंच = जाडी 2 इंच
• घेर 9 इंच = जाडी 3 इंच
• घेर 12 इंच = जाडी 4 इंच

आता ढिगातल्या 20 फांद्या अशा मोजा. बहुतेक वाड्यांत दिसेल की जास्त संख्या 2 इंचांच्या आतल्या फांद्यांची आहे. 3-4 इंचांच्या वरचं लाकूड मशीनमध्ये घालायचंच नाही. ते सरपण आहे, कुंपणाचा खांब आहे, त्याला किंमत आहे. करवतीने तोडून रचून ठेवा. म्हणजे एका जाड फांदीसाठी मोठं मशीन घ्यायची गरज नाही.

कंपनी जी कमाल जाडी लिहिते ती ताज्या, मऊ, सरळ फांदीची धरा. आपल्याकडे वाळलेला काजू आणि गाठीचा आंबा असतो. म्हणून लिहिलेल्या आकड्याचा दोन-तृतीयांश पकडून चला. 3 इंच लिहिलं असेल तर तुमच्यासाठी ते 2 इंचांचं मशीन.

*प्रश्न दुसरा: फांद्या जास्त की पाला-झावळ्या जास्त?*

बाजारात दोन जातीची कामं करणारी मशीनं येतात, नावं मात्र एकत्र मिसळतात.

*चिपर:* आत जड चक्र किंवा ड्रम, त्यावर धारदार पाती. फांदी पात्याखाली येते आणि तिचे चपटे तुकडे पडतात. लाकडासाठी हे चांगलं. ओला पाला भरला की मात्र तुंबतं.

*श्रेडर:* आत फिरते हातोडे. ते पाला, डहाळ्या ठेचून बारीक करतात. पाचोळ्यासाठी चांगलं, जाड लाकडाला नाही.

काही मशीनमध्ये दोन्ही असतं आणि दोन तोंडं असतात. आंबा-काजूवाल्यांना चिपर पुरतो. माड-पोफळीची वाडी असेल तर झावळीचा धागा चिवट असतो, तो फिरत्या भागाला गुंडाळतो. अशांनी पाती आणि हातोडे दोन्ही असलेलं मशीन बघावं, आणि विक्रेत्यासमोर झावळी देठासकट घालून बघावी.

गोठ्यातल्या कडबा कुट्टीत फांद्या घालू नका. ती वैरणीसाठी आहे. लाकडाने पातं तुटतं, आणि उडालेला तुकडा कुणाच्या अंगात जाईल सांगता येत नाही.

*प्रश्न तिसरा: मशीनला ताकद कुठून देणार?*

*अ) वीज, सिंगल फेज, 2 ते 3 एचपी:* अंगणातल्या बोटभर-अंगठ्याएवढ्या काड्यांसाठी. आवाज आणि देखभाल कमी. पण 3 एचपीची मोटर साधारण 15 अँपिअर ओढते. दोनशे फूट लांब, 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर असेल तर 20-22 व्होल्ट वाटेतच जातात. गावात आधीच व्होल्टेज कमी, त्यात ही घट. मोटर तापते आणि जळते. काकांचं हेच झालं. घराजवळच काम असेल तरच हे घ्या. वायर जाड घ्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

*ब) पेट्रोल किंवा डिझेल इंजिन, साधारण 7 ते 15 एचपी:* वाडीत कुठेही चालतं. 2 ते 3 इंचांच्या फांद्यांसाठी आपल्याकडे बहुतेकांना हेच सोयीचं. पण वजन बघा. गडगा ओलांडून, पायऱ्या उतरून, बेड्यातून ते जाईल का? बेड्याची रुंदी मोजून दुकानात जा.

*क) ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारं:* 4 इंच आणि पुढचं काम, मोठी बाग, जुन्या आंब्याची छाटणी. ताकद चांगली, पण ट्रॅक्टर झाडापर्यंत जायला हवा. आपल्या उताराच्या, टप्प्यांच्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी तो जात नाही. मग फांद्या रस्त्यापर्यंत ओढायची मजुरी धरा.

*प्रश्न चौथा: वर्षातून किती दिवस चालणार?*

खरा हिशोब इथे आहे. समजण्यासाठी आकडे धरू, तुम्ही तुमचे टाका.

समजा मशीन 60,000 रुपयांचं आणि 8 वर्षं चाललं. वर्षाला 7,500 रुपये. पाती, पट्टा, सर्व्हिसिंग 4,000 धरा. एकूण 11,500 रुपये वर्षाला, इंधन आणि मजुरी वेगळी.

• वर्षातून 5 दिवस वापरलं तर दिवसाला 2,300 रुपये.
• तेच मशीन भाड्याने 1,500 रुपये दिवस मिळत असेल तर 5 दिवसांचे 7,500 रुपये.
• म्हणजे या आकड्यांत 8 दिवसांपेक्षा कमी काम असेल तर भाडं परवडतं.
• चार घरांनी मिळून घेतलं आणि 20 दिवस चालवलं तर दिवसाला 575 रुपये.

एकट्याच्या दारात मशीन उभं राहिलं तर अभिमान वाटतो, मान्य आहे. पण 360 दिवस ते गंजत असतं.

*अनुदानाबद्दल*

कृषी यांत्रिकीकरणात महाडीबीटीवर अर्ज करता येतो. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: *पूर्वसंमती पत्र हातात आल्याशिवाय मशीन विकत घेऊ नका.* आधी घेतलेल्या मशीनवर अनुदान मिळत नाही. "बिल नंतर बसवून देतो" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. आणि मॉडेल योजनेत बसतं का ते कृषी कार्यालयात विचारूनच ठरवा.

*दुकानात गेल्यावर*

1) स्वतःच्या फांद्या घेऊन जा: एक वाळलेली काजूची, एक ओली आंब्याची, एक झावळी. दुकानातली मऊ काडी घालून दाखवलेलं प्रात्यक्षिक धरायचं नाही.
2) तोंडापासून पात्यापर्यंतचं अंतर बघा. पूर्ण हात आत घातला तरी पात्याला पोचता कामा नये. पोचत असेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको.
3) बंद करायचं बटण किंवा दांडा फांदी घालणाऱ्याच्या हाताशी हवा.
4) पाती दोन्ही बाजूंनी वापरता येतात का, जोडीची किंमत काय, आपल्या तालुक्यात मिळतात का ते विचारा. बिलावर लिहून घ्या.
5) मोटर किंवा इंजिन पट्ट्याने जोडलेलं असेल तर फांदी अडकल्यावर पट्टा घसरतो आणि इंजिन वाचतं. पट्ट्यावर जाळी मात्र हवीच.

*चालवताना: ही यादी घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा*

• गळ्यात टॉवेल, पदर, ओढणी, हातात कडं नको. सैल हातमोजेही नकोत, ते आत ओढले जातात. डोळ्याला चष्मा, पायात बूट, कानात बोळे.
• फांदीचं जाड टोक आधी घाला आणि सोडून द्या. धरून ठेवू नका, ती हात घेऊन आत जाते.
• समोर उभं राहू नका, बाजूला राहा. आखूड तुकडे काठीने ढकला, हाताने कधीच नाही.
• अडकलं तर आधी बंद. जड चक्र बंद केल्यावरही फिरत राहतं. पूर्ण थांबू द्या. मग विजेचा प्लग काढा किंवा इंजिनच्या स्पार्क प्लगची टोपी काढा. त्यानंतरच झाकण.
• खिळा, तार, दगड, माती बघून घ्या. मातीत लोळलेली फांदी झटकून घाला, नाहीतर दिवसात धार जाते.
• एकट्याने चालवू नका. पोरं लांब.

बोटं गेली तर कुठल्याच योजनेतून परत मिळत नाहीत.

*चुऱ्याचं काय करायचं?*

आपल्याकडे कवळ तोडून भाजावळ करायची सवय आहे, म्हणून फांद्या पेटवायला हात शिवशिवतो. पण हा चुरा जमिनीला द्या.

• नव्या कलमांना आणि काजूच्या रोपांना 3 इंचांचा थर द्या. बुंध्यापासून फूटभर जागा मोकळी सोडा. चुरा खोडाला टेकला की ओल धरते आणि वाळवी येते.
• चुरा मातीत मिसळू नका. लाकडात एका भाग नत्रामागे शेकडो भाग कर्ब असतो. कुजताना जिवाणू मातीतलंच नत्र घेतात आणि रोप पिवळं पडतं. वरून पसरला तर ही अडचण फारशी येत नाही.
• खत करायचं असेल तर चुऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर गिरिपुष्पाचा ओला पाला, असे थर द्या. ओल राखा, मधूनमधून पालटा. लाकूड पाचोळ्यापेक्षा सावकाश कुजतं, धीर धरा.

*दोन किडींकडे लक्ष*

काजूच्या बुंध्यात भुसा किंवा डिंक दिसत असेल तर आत रोठा असू शकतो. असं लाकूड बागेत रचून ठेवू नका. फोडून अळ्या काढा आणि ते लाकूड सगळ्यात आधी चुलीत घाला.

पडलेला माड कुजत ठेवलात तर त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडाचा कोंब खातो. खोडाचे तुकडे करून हलवा. खताच्या खड्ड्यात पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून मारा. ज्या माडाला जखम झालीय त्याकडे सोंड्या भुंगाही येतो, तेव्हा जखमी माड दर आठवड्याला बघा.

*आता तुमचं काम*

रविवार संध्याकाळपर्यंत मला याच नंबरवर तीन आकडे पाठवा:
1) 20 फांद्यांपैकी 2 इंचांच्या आतल्या किती?
2) वर्षातून अंदाजे किती दिवस काम?
3) वाडीत ट्रॅक्टर जातो का? नसेल तर बेड्याची रुंदी किती?

टाइप करायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करा, आणि सुतळी लावलेल्या फांदीचा एक फोटो. वाडीवाडीनुसार दिवस किती भरतात ते बघून, एकत्र मशीन घ्यावं की भाड्याने आणावं हा विषय पुढच्या बैठकीत मांडते. काकांची मोटर परत भरून झाली आहे. ती आता फक्त अंगणातल्या काड्यांसाठी चालते, आणि त्यांच्या वाडीतली 20 फांद्यांची मोजणी सगळ्यात आधी आली आहे.

तोवर कुणी आगाऊ रक्कम भरू नका.

आपली,
कृषी सल्लागार, शेतकरी उत्पादक कंपनी