रात्रीचे काम संगणकावर सोपवा, पण सकाळी हिशेब घ्या



श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात बराचसा धंदा उधारीवर चालतो. उसाचे बिल हाती पडेपर्यंत किराणा, कापड, वेल्डिंगची मजुरी खात्यावर मांडली जाते. मुदतीची उधारी लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. वही आता संगणकात गेली, तरी जबाबदारी तीच राहते. हार्ड डिस्क बिघडली तर कोणाकडून किती येणे आहे, हे कोण सांगणार? म्हणून खात्याची दुसरी प्रत रोज निघालीच पाहिजे. दुकान बंद करताना दमलेला माणूस हे विसरतो. ते काम संगणकाकडे कसे सोपवावे, हे आज पाहू.

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी सुरू केली. त्याच धर्तीची लिनक्स मोफत मिळते. तिच्यात ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम पडद्यामागे सतत जागा असतो. दर मिनिटाला तो कामांची यादी पाहतो आणि ज्याची वेळ झाली ते काम सुरू करतो. या यादीला ‘क्रॉनटॅब’ म्हणतात. (विंडोजवर हेच काम ‘टास्क शेड्यूलर’ करतो.)

यादीच्या प्रत्येक ओळीत आधी पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यापुढे करावयाचे काम. उदाहरणार्थ,

३० २१ * * *

म्हणजे रोज रात्री साडेनऊ वाजता. फुलीचा अर्थ ‘प्रत्येक’. शेवटच्या फुलीच्या जागी ५ लिहिले तर फक्त शुक्रवारी. संगणकावर हे अंक इंग्रजीत लिहावेत.

‘क्रॉनटॅब -ई’ या आज्ञेने यादी बदलता येते, ‘-एल’ने पाहता येते. ‘-आर’ने मात्र सारी यादी पुसली जाते, आणि कीबोर्डवर ई व आर शेजारी-शेजारी आहेत! यादीची एक नक्कल जवळ ठेवा.

पुढील गोष्टी ध्यानात असू द्या.

१) नेमक्या वेळी वीज गेली व संगणक बंद राहिला, तर क्रॉन ते काम नंतर करीत नाही. ‘अ‍ॅनाक्रॉन’ हा प्रोग्राम रोजचे चुकलेले काम संगणक सुरू झाल्यावर उरकतो.

२) प्रोग्राम व फाइल यांचा पूर्ण पत्ता लिहा. तुम्ही हाताने दिलेली आज्ञा चालते, पण तीच क्रॉनकडून फसते, याचे नेहमीचे कारण अपुरा पत्ता हेच असते.

३) कामाचा निकाल एका नोंद-फाइलीत जाईल अशी व्यवस्था करा. नाहीतर काम फसल्याचे महिनोन्‌महिने कळत नाही.

४) आधीचे काम संपले नसले तरी क्रॉन वेळेवर दुसरे सुरू करतो. चालू कामे ‘पीएस’ने दिसतात, अडकलेले काम ‘किल’ने थांबते. ‘किल -९’ हा अखेरचा उपाय समजा. त्याने फाइल अर्धवट राहू शकते.

५) प्रत त्याच डिस्कवर ठेवू नका. डिस्क गेली तर दोन्ही जातील.

६) क्रॉनला इंग्रजी महिनेच कळतात. जकातीचा हिशेब चांद्रवर्षाने होतो आणि ती तारीख दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. तिची आठवण दरवर्षी नव्याने लावा.

शेवटी महत्त्वाचे. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून चार गिऱ्हाइकांची बाकी मूळ खात्याशी ताडून पाहा. जी प्रत कधी उघडलीच नाही, तिच्यावर भरवसा कसा ठेवणार? नोकराला काम सांगितले म्हणून मालक जबाबदारीतून सुटत नाही. संगणकाचेही तसेच आहे. खात्यात आपले येणे असते तसेच दुसऱ्याचे देणेही असते. ती अमानत आहे. आज रात्री पहिली ओळ लिहा आणि उद्या सकाळी दुकान उघडताच प्रत निघाली की नाही ते पाहा. इन्शाअल्लाह, पुढे मोठे नुकसान टळेल.