सर्पगृहातील उष्णता व आर्द्रता

‘साप म्हणू नये धाकला’ ही आपल्या वडील मंडळींची शिकवण यथार्थच आहे. परंतु ज्या प्राण्याचे भय वाटते त्याची माहिती करून घेऊ नये, असा या म्हणीचा अर्थ कोणी काढू नये. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही आपली गावे उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेली आहेत. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले म्हणजे कोरडी जागा शोधीत साप आपल्या अंगणात येतात, आणि वैशाखात बदलापुराकडे पारा चाळीस अंशांच्या पलीकडे गेला म्हणजे ते गारवा शोधीत मोरीजवळ किंवा पाण्याच्या पिंपामागे दडतात. दोन्ही वेळी त्यांना आपल्या घराकडे आणणारी कारणे एकच. ती म्हणजे उष्णता व आर्द्रता. याच दोन गोष्टींवर पिंजऱ्यातील सापाचेही जीवित अवलंबून असते.

साप पिंजऱ्यात ठेवावे तरी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, सर्पदंशावरील औषध सापाच्या विषाशिवाय तयार होत नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेने घोड्यास टोचतात; त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये उत्पन्न होतात, त्यांपासून ही लस सिद्ध होते. मुंबईस परळ येथे १८९९ साली स्थापन झालेल्या व पुढे हाफकीन यांचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने या कार्यात मोठी कीर्ती मिळविली. तामिळनाडूत चेन्नईजवळ इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ साली सहकारी संस्था स्थापन केली. ते साप पकडून मातीच्या मडक्यांत ठेवतात, काही दिवस विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. पुण्यास कात्रज येथे १९८६ पासून सर्पोद्यान आहे. आपल्या देशात दरवर्षी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने मरतात, असा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. यावरून निरोगी सापाची किंमत ध्यानात यावी.

आता सापाच्या शरीरधर्माचा विचार करू. आपले शरीर अन्न जाळून आपली ऊब आपणच राखते. सापास ही शक्ती नाही. तो उन्हात जाऊन तापतो व सावलीत जाऊन निवतो. (अजगराची मादी मात्र अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू थरथरविते व त्यांना ऊब देते, हा एक सुंदर अपवाद होय.) म्हणून सर्पगृहाची एक बाजू उबदार व दुसरी थंड असावी लागते. आपल्याकडील बहुतेक सापांना उबदार बाजूस ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजूस सुमारे २५ अंश इतकी उष्णता मानवते. सर्व पेटी एकसारखी तापविली तर सापास निवड उरत नाही. उष्णता फार कमी पडली, तर गिळलेले भक्ष्य पोटात न पचता कुजते व साप ते ओकून टाकतो. फार वाढली, तर थोड्याच वेळात तो प्राणास मुकतो.

आर्द्रतेचेही तसेच आहे. हवा फार कोरडी असली, तर कात अखंड न निघता तिचे तुकडे अंगास चिकटून राहतात. डोळ्यांवरील पापुद्रा राहून गेला तर दृष्टी मंदावते, आणि शेपटीच्या टोकास कातेचे कडे आवळून बसले तर ते टोक झडते. उलटपक्षी हवा ओलसर व कोंदट राहिली, तर पोटाकडील खवल्यांवर फोड येतात व श्वासाचे विकार जडतात. म्हणून ओलाव्याबरोबर हवा खेळती हवी. इरुळांच्या मडक्यांची तोंडे सुती कापडाने बांधलेली असतात, ती याच कारणाने.

या दोन गोष्टींचा परस्परांशी निकट संबंध आहे. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, तर ३० अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे २० अंशांची बाष्पाने पूर्ण भरलेली हवा केवळ ३० अंशांपर्यंत तापविली, तर एक थेंबही पाणी न काढता तिची आर्द्रता शंभर टक्क्यांवरून सुमारे सत्तावन्न टक्क्यांवर येते. थंडीत दिवा लावून पेटी उबदार करणारा पाण्याचे भांडे ठेवण्यास विसरला, तर साप कात नीट टाकीत नाही तो यामुळे. म्हणून उष्णतामापक व आर्द्रतामापक ही दोन्ही यंत्रे नेहमी एकत्र वाचावीत.

ही मोजणी करताना माणसास दंश होऊ नये व सापास इजा होऊ नये, यासाठी पुढील नियम पाळतात :

१. आकडा वाचण्यासाठी पेटीत हात घालू नये. तारेच्या टोकास संवेदक असलेले यंत्र वापरावे. संवेदक आत व आकड्यांची पाटी बाहेर असावी.

२. उबदार व थंड अशा दोन्ही बाजूंस, साप जेथे पडून राहतो त्या उंचीवर, निरनिराळी मापे घ्यावीत. छताजवळचे माप तळाची हकिकत सांगत नाही.

३. पाऱ्याची काचनळी पेटीत ठेवू नये. ती फुटल्यास काच रुतते व पाऱ्याची वाफ सर्वांसच विषारी असते.

४. संवेदक चिकटपट्टीने आत चिकटवू नये. पट्टी सुटली तर सापाच्या अंगास चिकटते व ती काढताना कातडी सोलते.

५. दुरून किरणांनी उष्णता मोजणारे यंत्र सोयीचे खरे, पण काचेतून ते काचेचीच उष्णता दाखविते, आतील जमिनीची नव्हे.

६. दिव्यास जाळी व तापकास नियंत्रक असावाच. पुष्कळदा साप अतितप्त पृष्ठभागावरून वेळीच हलत नाही व पोट भाजून घेतो.

७. सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत टिपावेत. एका दिवसाचा आकडा फारसे बोलत नाही. महिन्याची वही पुष्कळ सांगते.

यंत्रही चुकते, म्हणून त्याची परीक्षा घ्यावी. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन ते पाण्याने ओले करावे, परंतु विरघळू देऊ नये. ते झाकण व आर्द्रतामापक घट्ट झाकणाच्या डब्यात आठ तास ठेवावे. आतील आर्द्रता सुमारे ७५ टक्के होते. यंत्र निराळा आकडा दाखवील, तर तेवढा फरक टिपून ठेवावा.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी एक गोष्ट मात्र विसरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील साप घरी बाळगणे निषिद्ध आहे. हे शास्त्र परवानाधारक संस्थांचे आहे. घरात साप दिसल्यास मुलांनी दूर राहावे, वडील माणसांनी वनखात्यास कळवावे. उत्साहाच्या भरात साप प्लॅस्टिकच्या बरणीत कोंडून ती उन्हात ठेवणे म्हणजे त्यास भट्टीत घालणे होय, हे वरील विवेचनावरून सहज समजेल. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; रोग्यास धीर देऊन, दंश झालेला अवयव न हलविता, १०८ क्रमांकाची गाडी बोलावून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेली घटका परत येत नाही.

अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवालयात शिवास हात जोडणारे आपण नागासही वंदन करतो. परंतु मुक्या जीवाची गरज ओळखणे व ती काळजीपूर्वक मोजणे, हे वंदनाहून अधिक कठीण व अधिक उपकारक आहे. जो विद्यार्थी वहीत दोन आकडे रोज प्रामाणिकपणे टिपतो, त्याने शास्त्राची पहिली पायरी चढली असे समजावे.

अभ्यास : (१) थंडीत पेटी तापविल्यावर आर्द्रता का घटते? (२) सर्पगृहास दोन बाजूंस दोन मापे का लागतात? (३) सुट्टीत आपल्या घरातील उष्णता व आर्द्रता पंधरा दिवस टिपून तिचा आलेख काढा.