सुईवरील अदृश्य लेप आणि इलेक्ट्रॉनांची साक्ष

लस टोचताना सुई त्वचेत सहज शिरते, याचे श्रेय केवळ तिच्या तीक्ष्ण टोकाला नसते. स्टेनलेस स्टीलवर सिलिकोन तेलाचा पातळ लेप दिलेला असतो. या वंगणामुळे घर्षण घटते आणि बालकाच्या वेदनाही कमी होतात. मात्र डोळ्यांना न दिसणारा हा लेप सर्वत्र नीट बसला आहे किंवा नाही, हे ओळखावे कसे?

त्यासाठी इलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचा आधार घेता येतो. पृष्ठभागावर क्ष-किरण सोडले असता अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली उलगडून दाखविलेला प्रकाशविद्युत परिणाम तो हाच. या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली की ते अणूत किती घट्ट बांधलेले होते, हे समजते आणि त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते. स्वीडनमधील उप्साला येथे ही पद्धत विकसित करणारे काय सीगबान १९८१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

अणूचे शेजारी बदलले की ही बंधन-ऊर्जा किंचित सरकते. सिलिकॉन हे मूलद्रव्य सिलिकोन तेलात असता ती सुमारे १०२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते, तर सिलिकामध्ये सुमारे १०३.५. त्यामुळे काचेच्या सिरिंजमधील तेल आणि काच यांत फरक करता येतो.

क्ष-किरण खोलवर जातात, पण ऊर्जा न गमावता बाहेर येणारे इलेक्ट्रॉन जेमतेम वरच्या दहा नॅनोमीटरमधले असतात. ही मर्यादाच या पद्धतीचे बळ आहे. लेप पुरेसा जाड असेल तर खालच्या लोह व क्रोमियम यांच्या खुणा दिसतच नाहीत; त्या दिसू लागल्या की तेथील लेप विरळ झाला असे समजावे. संगणकाच्या हार्ड डिस्कवरील एक-दोन नॅनोमीटरच्या फ्लोरिनयुक्त वंगणाची तर जाडीही अशा खुणांच्या तीव्रतेवरून काढता येते. अर्थात ही तपासणी निर्वात पोकळीत होत असल्याने जिवंत ऊतींसाठी तिचा थेट उपयोग नाही.

आपल्या व्यवसायापुरता बोध साधा आहे. निर्जंतुक सुई स्पिरिटच्या बोळ्याने पुसू नये, कारण त्याने लेप निघून जातो. सुई पुन्हा न वापरण्याचे मुख्य कारण अर्थातच जंतुसंसर्ग. परंतु झिजलेला लेप आणि बोथटलेले टोक यांचा त्रासही अखेर त्या बालकालाच होतो.