चौसष्ट म्हणतात, मग इतक्या कशा?

प्रश्न : दिवाळीत नागपूरचे पाहुणे आले होते. त्यांना भेडाघाटला नेलं. धुवांधार धबधबा झाला, नावेतून संगमरवरी कडे पाहून झाले, मग चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढलो. माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने ओवरीला दोनदा फेरी मारून खण मोजले. दोन्ही वेळा आकडा ऐंशीच्या पुढे गेला. मोजण्यात चूक आहे की नावात?
– एक वाचक, गोहलपूर, जबलपूर

उत्तर : भाचीला माझी शाबासकी सांगा. तिचं मोजणं बरोबर आहे.

त्या गोल ओवरीत 84 खण आहेत. त्यांतले 3 मोकळे सोडलेले आहेत, उरलेले 81 योगिनींसाठी. म्हणजे हे देऊळ मुळातच 81 योगिनींचं. ओडिशातल्या हीरापूरला खरोखर चौसष्ट योगिनी आहेत आणि तीच संख्या सगळीकडे जास्त प्रचलित. त्यामुळे योगिनींचं गोल देऊळ दिसलं की लोकांच्या तोंडी ‘चौसष्ट योगिनी’च येतं. भेडाघाटलाही तेच नाव चिकटलं.

आता 81 का? योगिनी मातृकांपासून, म्हणजे मातृदेवतांपासून, निघाल्या असं तंत्रग्रंथ मानतात. मातृका आठ धरल्या आणि प्रत्येकीच्या आठ योगिनी, तर चौसष्ट होतात. नववी देवी धरली आणि प्रत्येकीच्या नऊ योगिनी, की नऊ नव्वे एक्क्याऐंशी. मत्तोत्तर तंत्रात 81 योगिनींचं चक्र राजांच्या उपासनेसाठी सांगितलं आहे. भेडाघाटपासून कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचं तेवर, जवळच. दहाव्या शतकात हे देऊळ उभं राहिलं ते त्या राजघराण्याच्या आश्रयाने. नऊ नव्वेचा हिशोब इथे नेमका बसतो, आणि म्हणूनच ही संख्या योगायोगाने आलेली नाही, असं मला ठामपणे वाटतं.

या कलचुरींचं आपल्याशीही नातं आहे. पहिल्या युवराजदेवाची मुलगी कुंदकदेवी दख्खनच्या राष्ट्रकूट घराण्यात दिली होती. नाटककार राजशेखर याच युवराजदेवाच्या दरबारी होता आणि त्याचे पूर्वज महाराष्ट्रातले. कलचुरींचे सगळे शिलालेख जमवून, वाचून, 1955 मध्ये ते जाडजूड ग्रंथात छापले नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. या घराण्यावर आज कोणीही लिहायला बसलं तरी आधी मिराशी उघडतो. तुमचे पाहुणे नागपूरचेच, त्यांना हे जरूर सांगा.

त्याच ग्रंथात अल्हणदेवी या राणीचा भेडाघाटचा लेख आहे, इसवी सन 1155 चा. मुलगा नरसिंह गादीवर असताना तिने इथे शिवमंदिर, मठ आणि व्याख्यानशाळा बांधली, असं त्यात आहे. आवारातलं गौरीशंकराचं देऊळ म्हणजे तेच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. नंदीवर बसलेले शिवपार्वती तुम्ही पाहिले असतीलच. तिथे पूजा आजही चालते. योगिनींची ओवरी मात्र त्याहून जुनी. मधलं अंगण उघडं ठेवलेलं, कारण योगिनी आकाशातून येतात-जातात असं मानतात.

पुढच्या खेपेला मोजणी आटोपली की एक काम करा. कुठल्याही एका मूर्तीसमोर खाली बसा. बहुतेक सगळ्या मूर्तींचे हात तुटलेत, नाकं उडवलीत, काहींचे चेहरेच गेलेत. पाहून जीव तुटतो. पण नजर खाली आणा. देवी एक पाय दुमडून, दुसरा खाली सोडून बसली आहे, खाली तिचं वाहन, आणि बैठकीच्या दगडावर कोरलेली चारपाच जुनी नागरी अक्षरं. ते तिचं नाव. सुरुवातीला ‘श्री’, मग कुठे कामदा, कुठे सर्वतोमुखी, कुठे मगरीवर बसलेली जाह्नवी. चेहरा नसलेली देवी नावाने ओळखता येते, हे या देवळाचं मोठं भाग्य आहे. हीरापूरच्या योगिनींखाली अशी नावं नाहीत.

आणि ‘योगिनी’ म्हटलं की पाहुण्यांना काहीतरी अघोरी वाटत असेल, तर नवरात्रातल्या जोगव्याची आठवण करून द्या. अंबाजोगाईची योगेश्वरी, पुण्याची तांबडी जोगेश्वरी. कितीतरी मराठी घरांची कुलदेवता याच नावाची आहे.

अक्षरं उथळ कोरलेली आहेत. भर दुपारी ती दगडात विरून जातात. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा चढा, भाचीच्या हातात वही द्या आणि प्रवेशापासून उजवीकडे वळून एकेक नाव उतरवून घ्यायला सांगा. देवनागरी येणाऱ्या मुलीला त्यांतली बरीच अक्षरं लागतील. जी लागणार नाहीत ती जशी दिसतात तशी काढून मला पाठवा, आपण मिराशींच्या ग्रंथातल्या लिपीशी ताडून पाहू.