नवनिदानित मधुमेह : पहिले बारा आठवडे आणि स्थूल-कृश विवेक

मधुमेहाचे निदान नुकतेच झालेला रुग्ण वैद्याकडे येतो तो रक्ततपासणीचा कागद हाती घेऊनच. "साखर किती दिवसांत उतरेल?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. वैद्याचा पहिला प्रश्न मात्र निराळा असावयास हवा : "हा रुग्ण स्थूल आहे की कृश?" या प्रश्नाचे उत्तर मिळण्यापूर्वी दिलेले औषध, सांगितलेले पथ्य किंवा लंघन हे अंधारात मारलेल्या बाणासारखे होय. प्रस्तुत लेखात या एका मुद्द्याचाच व्यावहारिक अंगाने विचार करावयाचा आहे.

दोन रुग्ण, एकच आकडा

विचारार्थ दोन रुग्ण घेऊ. दोघांचीही उपाशीपोटी रक्तशर्करा २१० मि.ग्रॅ. आहे. पहिला ४६ वर्षांचा दुकानदार. वजन ८८ किलो, दिवसभर बैठे काम, दुपारी जेवणानंतर झोप, तक्रार विशेष नाही. दुसरा २४ वर्षांचा तरुण. महिन्याभरात सात किलो वजन घटलेले, तहान भागत नाही, रात्री चार-पाच वेळा लघवीस उठावे लागते आणि दोन दिवसांपासून मळमळ व पोटदुखी आहे. कागदावरील आकडा समान. रुग्ण मात्र पूर्णतः भिन्न.

चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेत (चिकित्सास्थान, अध्याय ६) स्थूल व बलवान आणि कृश व दुर्बल असे प्रमेहीचे दोन भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असा भेद केला असून सहज प्रमेही प्रायः कृश, तर अपथ्यनिमित्तज प्रायः स्थूल असतो असे म्हटले आहे. आधुनिक वैद्यकातील टाइप १ व टाइप २ या प्रकारांशी या भेदांची तंतोतंत बरोबरी करणे योग्य नव्हे. तथापि चिकित्सेची दिशा ठरविण्यास हा विवेक आजही उपयुक्त आहे.

कृश रुग्ण : येथे लंघन नाही

वर वर्णिलेल्या तरुणाच्या शरीरात इन्सुलिनचा अभाव असण्याची दाट शक्यता आहे. अशा स्थितीत शरीर मेद जाळू लागते, रक्तात कीटोन साचतात आणि काही तासांत किंवा दिवसांत प्राणसंकट ओढवू शकते. वेगाने घटणारे वजन, उलट्या, पोटदुखी, दीर्घ व खोल श्वास, श्वासास फळासारखा गंध, ग्लानी यांपैकी काहीही आढळल्यास मूत्रातील कीटोन त्वरित तपासावेत आणि रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. तपासणीची सोय नसेल तर त्यासाठीही थांबू नये.

इतिहास येथे बोलका आहे. इन्सुलिनचा मानवावर पहिला यशस्वी उपयोग १९२२ साली टोरांटो येथे झाला. तत्पूर्वीच्या दशकात पाश्चात्त्य वैद्य अशा कृश मुलांना अर्धपोटी ठेवून त्यांची मूत्रशर्करा कमी करीत असत. शर्करा उतरे, आयुष्य थोडे लांबे. परंतु मूल अस्थिपंजर होऊन जाई. आकडा उतरणे म्हणजे रोगी सुधारणे नव्हे, हाच त्याचा धडा. इन्सुलिन चालू असलेल्या अशा रुग्णास 'आता आयुर्वेद सुरू केला, सुया बंद करा' असा सल्ला देणे हा अक्षम्य अपराध होय.

पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह आढळला आणि विनाकारण वजन घटत असेल, तर स्वादुपिंडाच्या विकाराची शंका मनात ठेवून पुढील तपासण्या करून घ्याव्यात.

स्थूल रुग्ण : अपतर्पणाची संधी

दुकानदाराच्या बाबतीत मात्र चित्र आशादायक आहे. सुखासीनता, अतिनिद्रा, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ही शास्त्रोक्त हेतुमालिका त्याच्या दिनचर्येत जवळजवळ जशीच्या तशी आढळते. म्हणून निदानपरिवर्जन हीच येथे प्रधान चिकित्सा.

याला आधुनिक संशोधनाचाही आधार मिळतो. ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' अभ्यासात, निदानास सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या व वजन अधिक असलेल्या टाइप २ रुग्णांना काही महिने अत्यल्प उष्मांकाचा आहार देण्यात आला. वर्षअखेर त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची शर्करा औषधांवाचून मधुमेहाच्या मर्यादेखाली राहिली. ज्यांचे वजन १५ किलो वा अधिक घटले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अर्थात ही शांती होय, मुक्ती नव्हे. अपथ्य परतले की व्याधीही परतते.

आहार-विहार : सूचना नेमकी असावी

'उपवास करा' असे सांगताच आपल्याकडील रुग्णाच्या मनात साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ व बटाटा येतो. हे लंघन नव्हे, संतर्पणच होय. त्याचप्रमाणे 'साखर सोडली, आता गूळ घेतो' असे सांगणारे रुग्ण नित्य भेटतात. रक्तशर्करेच्या दृष्टीने दोहोंत फरक फारसा नाही. म्हणून ताटातील पदार्थ नावानिशी सांगावेत : भात व पोळीचे प्रमाण निम्म्यावर, जवाची किंवा ज्वारीची भाकरी, मूग-मटकीची उसळ, पालेभाजी भरपूर, रस काढण्याऐवजी अख्खे फळ. यव हे प्रमेहात शास्त्राने श्रेष्ठ मानलेले धान्य आहे.

सुश्रुतांनी निर्धन प्रमेहीस पादत्राण व छत्रीवाचून, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालण्यास सांगितले आहे. आज अनवाणी चालणे मधुमेहीस वर्ज्यच करावे, कारण पायाची संवेदना घटलेली असू शकते. परंतु श्रमाचे तत्त्व अबाधित आहे. आठवड्यास किमान १५० मिनिटे जलद चालणे व प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली ही मात्रा बहुतेकांना साधते.

औषधयोजना व सावधगिरी

वाग्भटाचार्यांनी प्रमेहात हळद व आवळा श्रेष्ठ मानले आहेत. विजयसाराविषयी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९८ साली नवनिदानित रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ रुग्णांची शर्करा नियंत्रणात आली. हा खुला अभ्यास होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे ध्यानी घेऊनच त्याचे मूल्यमापन करावे. या काळात चूर्ण, क्वाथ व वटी यांना प्राधान्य द्यावे. अवलेह, पाक व गूळयुक्त आसवारिष्टे टाळावीत.

रुग्ण आधीपासून कोणती औषधे घेतो, हे विचारल्यावाचून आहार कमी करू नये. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता लंघन केल्यास शर्करा ७० मि.ग्रॅ.च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ जाणवताच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता रुग्णालयात न्यावे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातील औषधांसमवेत दीर्घ लंघन केल्यास शर्करा फारशी न वाढताही कीटोन वाढू शकतात. औषध कमी करणे ते सुरू करणाऱ्या चिकित्सकाच्या विचारानेच व्हावे.

बाराव्या आठवड्याचा लेखाजोखा

ग्लायकेटेड हिमोग्लोबिन सुमारे आठ ते बारा आठवड्यांची सरासरी दाखविते. म्हणून आरंभी व बाराव्या आठवड्यास ते तपासावे. मधुमेहाचे निदान ६.५ टक्के वा अधिक या मर्यादेवर होते. आरंभीच नेत्रपटल, मूत्रातील प्रथिने, रक्तदाब, मेद व पाय यांची तपासणी करून घ्यावी, कारण टाइप २ मधुमेह निदानापूर्वी अनेक वर्षे शरीरात सुप्त असू शकतो. बारा आठवड्यांत अपेक्षित उतार नसल्यास आग्रह न धरता आधुनिक औषधाची जोड स्वीकारावी. त्यात शास्त्राची न्यूनता नाही. रुग्णहित हेच शास्त्राचे प्रयोजन होय.

सारांश, आकडा पाहण्यापूर्वी रुग्ण पाहावा. स्थूलास अपतर्पण हे अमृत ठरते, कृशास तेच विष ठरू शकते. वैद्यबंधुभगिनींनी प्रत्येक नव्या मधुमेहीच्या नोंदपत्रावर पहिल्या ओळीत वजन, गेल्या तीन महिन्यांतील वजनबदल व चालू औषधे लिहिण्याचा परिपाठ ठेवावा, ही विनंती.