खरा कॅप्टन कोण?

लीडर कोणाला म्हणायचं? गोल मारणाऱ्याला की निवडणूक जिंकणाऱ्याला? लायबेरियाच्या जॉर्ज वेआने दोन्ही केलं. १९९५ मध्ये 'बॅलन डी'ओर' मिळवणारा तो पहिला आफ्रिकन फुटबॉलपटू. राष्ट्रीय संघाचा खर्चसुद्धा त्याने स्वतःच्या खिशातून केला. २००५ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरल्यावर मात्र त्याने निकालावर आक्षेप घेतला आणि समर्थक रस्त्यावर उतरले. २०१८ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या कारभारावर टीका भरपूर झाली. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये थोडक्या मतांनी हरताच, अंतिम निकालाआधीच त्याने जोसेफ बोआकाई यांना फोन करून अभिनंदन केलं. दोन यादवी युद्धांत होरपळलेल्या देशात त्या एका फोनची किंमत मोठी आहे. जिंकताना टीम कोणीही सांभाळतो. शेवटची शिट्टी झाल्यावर रेफ्रीशी न भांडता सगळ्यांना शांतपणे मैदानाबाहेर नेतो, त्यालाच मी कॅप्टन म्हणेन.